चार घरे आणि एक गहाणखत

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. माझ्याकडे भाड्याने दिलेली चार घरे आहेत. गेल्या चौदा वर्षांत ती एकेक करून घेतली आणि प्रत्येकावर वेगळे कर्ज आहे. चार हप्ते, चार तारखा, चार व्याजदर सांभाळताना मी थकले आहे. तिसरे घर मी आणि माझ्या धाकट्या भावाने मिळून घेतले आहे. चौथे सर्वांत लहान आणि जुने आहे, पण त्याचे कर्ज तीन वर्षांत संपेल. आता एका वित्तसंस्थेने चारही कर्जे फेडून त्यांच्या जागी एकच कर्ज देऊ केले आहे. व्याज अर्ध्या टक्क्याने कमी, मुदत वीस वर्षे, हप्ता एकच. पुढे पाचवे घर घ्यायचे झाल्यास याच तारणावर वाढीव रक्कमही मिळेल, असे सांगितले आहे. मात्र चारही घरे एकाच गहाणखताखाली द्यावी लागतील. मसुद्यात एक वाक्य आहे: ‘एखादी मालमत्ता तारणातून मुक्त करण्याची विनंती कर्जदाराने केल्यास धनको त्या विनंतीचा विचार करू शकेल.’ पाच वर्षांनी कर्जाचा फेरआढावा होईल, असेही त्यात आहे. माझ्या यजमानांना हे पटत नाही, पण नेमके काय खटकते ते त्यांना सांगता येत नाही. दोन-तीन वर्षांत मुलीच्या शिक्षणासाठी एखादे घर विकावे लागेल असे दिसते. भाऊ म्हणतो, ‘ताई, तू सांगशील तिथे सही करतो.’ मी काय करावे?

उत्तर

सप्रेम नमस्कार. पत्रासोबत तुम्ही मसुद्याची पाने आणि चारही घरांचे आकडे नीट मांडून पाठवलेत, त्यामुळे मोघम न बोलता उत्तर देता येते. तुमच्या यजमानांना जे खटकते आहे ते, माझ्या मते, त्या एका वाक्यातल्या ‘शकेल’ या शब्दात आहे. धनको विनंतीचा विचार करू शकेल, याचा अर्थ तो विचार करील, कदाचित करणारही नाही, किंवा केला तरी नकार देईल. तिन्ही गोष्टी त्याच वाक्यात बसतात. दोन-तीन वर्षांत एक घर विकण्याची वेळ येणार हे ज्यांना आजच ठाऊक आहे, त्यांनी या वाक्याखाली सही करू नये. व्याजदर, हप्ता, मुदत या सगळ्या गोष्टी त्यानंतरच्या आहेत.

आधी हे कर्ज मुळात कशासाठी असते ते सांगतो, कारण ते वाईट नसते. अमेरिकेत याला ‘ब्लँकेट मॉर्गेज’ म्हणतात. अनेक मालमत्ता एकाच पांघरुणाखाली घ्याव्यात तसे. जमिनीचा मोठा तुकडा घेऊन, त्याचे भूखंड पाडून ते एकेक करून विकणाऱ्या विकासकांना हे कर्ज फार सोयीचे पडते. अशा विकासकाला पहिल्या दिवसापासून माहीत असते की प्रत्येक भूखंड कधी ना कधी विकला जाणार आहे, आणि म्हणून त्याच्या करारात मुक्तीचे कलम आधीपासूनच असते: इतकी रक्कम भरली की अमुक भूखंडावरचा बोजा उतरेल. त्या कलमावाचून हे कर्ज त्याच्या कामाचेच राहत नाही. भाड्याच्या घरांसाठी तेच कर्ज वापरायचे असेल, तर तेच कलम त्याच स्पष्टतेने सोबत यायला हवे. तुमच्या मसुद्यात कर्ज आले आहे, कलम आलेले नाही.

कलम नसेल तर काय होते, हे कायद्याच्या एका जुन्या तत्त्वात दडलेले आहे. गहाण अविभाज्य असते. रोमन कायद्याच्या परंपरेतून आलेला हा विचार असा की, तारण संपूर्ण मालमत्तेवर तर संपूर्ण असतेच, पण तिच्या प्रत्येक तुकड्यावरही संपूर्णच असते. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेत हे तत्त्व शब्दांत नोंदवलेले आहे, आणि भारताच्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही गहाण मालमत्तेतला केवळ आपला हिस्सा, त्यापुरते पैसे भरून, सोडवून घेण्याचा हक्क सर्वसाधारणपणे मिळत नाही. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा की, करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर तुम्ही निम्मे कर्ज फेडले म्हणून दोन घरे मोकळी होत नाहीत. शेवटचा पैसा फिटेपर्यंत चारही घरे पूर्ण बांधलेलीच राहतात.

मी अनेक वर्षे कर्ज विभागात काम केले आहे, आणि एक प्रकरण माझ्या मनातून गेलेले नाही. तीन मालमत्ता एकत्र तारण ठेवलेले एक गृहस्थ त्यांतली एक विकायला निघाले होते. खरेदीदाराने इसार दिला होता. ते कराराची प्रत घेऊन आमच्याकडे आले; शेवटी परिशिष्ट होते आणि त्यात एक तक्ता. पहिल्या रकान्यात मालमत्तेचे वर्णन, दुसऱ्यात क्षेत्रफळ, तिसऱ्यात मूल्यांकन, आणि चौथ्या रकान्याचे शीर्षक होते ‘मुक्तीची रक्कम’. त्या रकान्यात तिन्ही ओळींत फक्त आडवी रेघ ओढलेली होती. त्याखाली त्यांची सही होती. त्यांना वाटले होते, रेघ म्हणजे काही द्यावे लागणार नाही. संस्थेच्या लेखी रेघ म्हणजे ठरलेलेच नाही, आणि ठरलेले नाही म्हणजे संपूर्ण कर्ज फेडा. खरेदीदार दोन महिने थांबला आणि इसार परत घेऊन निघून गेला. ती रेघ सहीच्या वेळी माझ्याही नजरेखालून गेली होती. तेव्हा मी बोललो नाही, म्हणून आज तुम्हाला इतके लांबवून सांगतो आहे.

आता तुमचे आकडे. प्रत्यक्ष रकमा इथे छापणे योग्य नाही, म्हणून तुमचे चारही घरांचे मिळून आजचे कर्ज १०० धरू आणि बाकी सर्व त्या प्रमाणात मांडू. तुमच्या माहितीनुसार पहिल्या, मोठ्या घराची किंमत ६० आणि त्यावरचे कर्ज ४२ आहे. दुसऱ्याची किंमत ४५, कर्ज ३३. भावासोबतच्या तिसऱ्या घराची किंमत ३०, कर्ज १९. आणि चौथ्या, जुन्या घराची किंमत २५, कर्ज फक्त ६. चारही घरांची किंमत १६०, कर्ज १००. म्हणजे किमतीच्या साडेबासष्ट टक्के कर्ज आहे. हे प्रमाण संस्थेला आवडण्यासारखेच आहे, आणि तुमच्याकडे प्रस्ताव घेऊन ते आपणहून आले यात मला नवल वाटत नाही.

मुलीच्या शिक्षणासाठी चौथे घर विकायचे ठरले असे धरा. आजच्या व्यवस्थेत ६ फेडून ते सुटते आणि, कर व विक्रीचा खर्च सोडला तर, तुमच्या हाती १९ येतात. तीन वर्षे थांबलात तर कर्ज संपलेलेच असेल आणि पूर्ण २५ तुमचे. एकत्रित कर्जात मात्र हे घर आपले जुने ६ चे कर्ज विसरते. नवे १०० चे कर्ज चारही घरांवर त्यांच्या किमतीच्या प्रमाणात वाटले जाते, आणि १६० पैकी २५ किमतीच्या या घराच्या वाट्याला साडेपंधराहून थोडे जास्त कर्ज येते. मुक्तीची रक्कम सहसा या वाट्याहूनही जास्त असते. ११० ते १२५ टक्के मागितले जातात. १२० टक्के धरले तर चौथे घर सोडवायला १८.७५ भरावे लागतील आणि तुमच्या हाती उरतील ६.२५. मधला फरक कुणी गिळलेला नाही, हे न्यायाने सांगायला हवे. तेवढ्याने तुमच्या उरलेल्या तीन घरांवरचे कर्ज कमी झालेले असते. पण कमी झालेल्या कर्जातून मुलीची फी भरता येत नाही. ज्या गरजेसाठी घर विकायचे, ती गरज रोख पैशाची आहे.

वाट्याहून जास्त रक्कम का मागतात, असे तुमच्या मनात येईल. त्यात धनकोची बाजूही खरी आहे. तुमचे सर्वांत जास्त भाडे पहिल्या घरातून येते: डागडुजी, कर आणि मधले रिकामे महिने वजा जाता चारही घरांचे वर्षाचे निव्वळ भाडे १२.५, आणि त्यातले ५.५ एकट्या पहिल्या घराचे. ८ टक्के दराने वीस वर्षांत १०० फेडायचे तर वर्षाचे हप्ते सुमारे १० होतात. पहिले घर त्याच्या वाट्याइतकेच, म्हणजे ३७.५ घेऊन सोडून दिले, तर मागे ६२.५ कर्ज उरेल, त्याचा वर्षाचा हप्ता सव्वासहा, आणि भाडे मात्र ७. कर्जदार चांगले घर विकून मोकळा होतो आणि धनकोकडे दुबळी घरे उरतात, ही त्यांची भीती आहे. १२० टक्क्यांनी, म्हणजे ४५ घेतले तर कर्ज ५५ वर येते, हप्ता साडेपाच होतो आणि ७ च्या भाड्यात तो सैलपणे बसतो. म्हणून वाजवी अधिकाचा आकडा मान्य करण्यात चूक नाही. तो आकडा आज, सहीआधी, कागदावर आला पाहिजे, एवढाच आग्रह धरा.

इथे एक बारकावा सहज निसटतो. मी वर ‘हप्ता साडेपाच होतो’ असे लिहिले, पण तो आपोआप तसा होत नाही. अनेक करारांत मधेच भरलेल्या मोठ्या रकमेने मुदत कमी होते आणि हप्ता होता तेवढाच राहतो. तसे झाले तर घर विकल्यानंतरही वर्षाला १० भरायचे आणि भाडे येणार ७. दर वर्षी ३ घरखर्चातून. त्यामुळे घर मुक्त झाल्यावर हप्ता त्याच प्रमाणात कमी केला जाईल, हे वाक्य मुक्तीच्या कलमाला जोडूनच हवे.

कलमाची भाषा कशी असावी, तेही लिहून देतो. वकिलांना दाखवून तुमच्या परिस्थितीनुसार ती नेमकी करून घ्या. ‘परिशिष्टातील तक्त्यात नमूद केलेली मुक्तीची रक्कम कर्जदाराने भरल्यावर, आणि त्या तारखेस अन्य कोणताही हप्ता थकीत नसल्यास, धनको ३० दिवसांच्या आत त्या मालमत्तेवरील तारण हक्क सोडून देईल, तसा लेख नोंदवून देईल आणि त्या मालमत्तेची मूळ कागदपत्रे परत करील, यासाठी धनकोच्या वेगळ्या संमतीची आवश्यकता राहणार नाही, या रकमेवर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क आकारले जाणार नाही, आणि उर्वरित कर्जाचा हप्ता त्याच प्रमाणात कमी केला जाईल.’ यात ‘देईल’ आणि ‘करील’ आहे. ‘शकेल’ कुठेही नाही. तक्त्यातली रक्कम कर्ज देतेवेळच्या मूळ वाटणीवर ठरेल की विक्रीच्या दिवशी जे शिल्लक कर्ज असेल त्याच्या वाटणीवर, हेही विचारा. दुसरा मार्ग तुमच्या फायद्याचा आहे, कारण कर्ज फिटत जाईल तशी ती रक्कम उतरत जाते.

आता दुसऱ्या धोक्याकडे वळतो, जो मला विक्रीच्या अडचणीपेक्षाही मोठा वाटतो. मसुद्याच्या सातव्या पानावर अट आहे की, निव्वळ भाडे वर्षाच्या हप्त्यांच्या किमान १.२० पट राहिले पाहिजे. आज ते साडेबारा भागिले दहा, म्हणजे १.२५ पट आहे. चौथ्या घराचे भाडे दीड आहे. ते जुने आहे, भाडेकरू गेला आणि दुरुस्तीत वर्ष निघाले असे समजा. भाडे ११ वर येईल आणि प्रमाण १.१० वर. तुम्ही एकही हप्ता चुकवलेला नसेल, दर महिन्याला वेळेवर पैसे भरले असतील, तरीही करार मोडलेला असेल. अशा वेळी धनको दर वाढवू शकतो, मुद्दलाचा काही भाग ताबडतोब मागू शकतो, भाडे थेट आपल्या ताब्यातल्या खात्यात वळवू शकतो, आणि टोकाला जाऊन संपूर्ण कर्ज परत मागू शकतो. आज चौथे घर रिकामे पडले तर चिंता त्याच्या लहानशा हप्त्यापुरती आहे, आणि तो तुम्ही बाकीच्या भाड्यातून भरता. व्यक्तिगत जबाबदारी आजही तुमचीच आहे. कुठलेही कर्ज थकले तरी धनको तुमच्याकडेच येणार. पण आज एका घराचे दुखणे त्या घरापाशी थांबते, आणि उद्या सर्वांत दुबळे घर सर्वांत चांगल्या घराला आपल्यासोबत खाली ओढू शकेल.

हे सांगताना मला सारखा तुमचा भाऊ आठवतो. ‘ताई, तू सांगशील तिथे सही करतो’ हे वाक्य वाचून मी थोडा वेळ थांबलो. आज त्याचे अर्धे घर १९ च्या कर्जाला बांधलेले आहे, ज्यातला निम्मा भार त्याचा. नव्या गहाणखतावर सही केल्यानंतर तेच अर्धे घर १०० च्या कर्जाला बांधले जाईल, आणि त्यातली ८१ इतकी रक्कम अशा घरांसाठी असेल ज्यांत त्याची एक वीटही नाही. प्रकरण बिघडले तर धनको चारांपैकी कोणत्या घरावर आधी हात टाकेल हे तुम्ही ठरवणार नाही. जे घर लवकर आणि चांगल्या किमतीला विकले जाईल त्याकडे त्याची नजर जाते, आणि ते तिसरेही असू शकते. आपल्या हिश्श्याहून जास्त भार सोसावा लागलेल्या सहमालकाला इतरांकडून भरपाई मागण्याचा हक्क कायदे सहसा देतात, पण ती भरपाई तो कुणाकडे मागणार? तुमच्याकडे, त्याच्या ताईकडे, आणि तीही तुम्ही अडचणीत असताना. तुमच्यावर त्याचा विश्वास आहे म्हणूनच त्याला हे तुम्ही स्वतः, आकडे पुढे ठेवून, समजावून सांगायला हवे. माझ्या मते तिसरे घर या कर्जात घालूच नये.

मसुद्यातले आणखी एक वाक्य तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, पण अकराव्या पानावर आहे: तारण हे कर्जदारांच्या ‘आज असलेल्या व भविष्यात उत्पन्न होणाऱ्या सर्व देण्यांसाठी’ राहील. उद्या भावाने व्यवसायासाठी त्याच संस्थेकडून कर्ज घेतले, किंवा तुम्ही कुणाला जामीन राहिलात, तर तेही देणे याच चार घरांवर येऊन बसेल. हे वाक्य काढून ‘या करारान्वये दिलेल्या कर्जासाठी’ एवढेच ठेवायला सांगा. सहसा ऐकतात, फक्त कुणी सांगत नाही.

व्याजाच्या बचतीविषयी बोलू, कारण तुमच्या मनात तीच मुख्य आहे. १०० वर अर्धा टक्का म्हणजे पहिल्या वर्षी सुमारे अर्धा, आणि पुढे मुद्दल उतरेल तसा त्याहून कमी. जुन्या कर्जांचे मुदतपूर्व शुल्क, चार घरांची मूल्यांकने, चार टायटल तपासण्या, प्रोसेसिंग फी आणि नोंदणी यांचा तुम्ही काढलेला अंदाज २ च्या आसपास जातो. म्हणजे पहिली चार वर्षे केलेला खर्च भरून निघण्यातच जातात. पाचव्या वर्षी फेरआढावा आहे. ८ टक्के दराने वीस वर्षांच्या हप्त्यात पाच वर्षांनंतरही १०० पैकी सुमारे साडेसत्याऐंशी कर्ज शिल्लक असते, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त असते. त्या दिवशी फेरआढावा म्हणजे केवळ दर बदलणे, की पूर्ण शिल्लक एकरकमी परत मागण्याची मुभा, हे मसुद्यात लिहिलेले नाही. दुसरा अर्थ असेल तर हे वीस वर्षांचे कर्ज नाही; वीस वर्षांच्या हप्त्याचे पाच वर्षांचे कर्ज आहे, आणि पाच वर्षांनी तुम्हाला पुन्हा नवा धनको शोधावा लागेल, तोही त्या वेळी बाजारात जो दर असेल त्या दराने. हा खुलासा लेखी घ्या.

चौथ्या घरापुरता तर कमी दर हा उघड तोटा आहे. ६ चे उरलेले कर्ज आजच्या साडेआठ टक्के दराने तीन वर्षांत फेडले तर एकूण व्याज सुमारे ०.८ जाईल. तेच ६ आठ टक्के दराने वीस वर्षांच्या कर्जात घातले तर व्याज सुमारे ६ जाईल. दर अर्ध्या टक्क्याने कमी, आणि व्याज सातपटीहून जास्त; केवळ मुदत लांबल्यामुळे. हप्ता कमी झाला म्हणून कर्ज स्वस्त झाले, असा समज फार चांगल्या हिशेबी माणसांचाही होतो.

मग मी तुमच्या जागी असतो तर काय केले असते? सर्वांत आधी नव्या संस्थेचे मंजुरीपत्र घेऊन सध्याच्या धनकोंकडे गेलो असतो, निदान पहिल्या दोन घरांच्या, आणि दर कमी करा असा लेखी अर्ज दिला असता. वेळेवर हप्ते भरणारा कर्जदार दुसरीकडे निघाला आहे हे दिसले की दर खाली येण्याची शक्यता बरीच असते, आणि त्याचा खर्च एकत्रीकरणाच्या तुलनेत किरकोळ असतो. चार तारखांची दगदग हा वेगळा प्रश्न आहे. चारही हप्ते एकाच खात्यातून, महिन्याच्या एकाच आठवड्यात आपोआप कापले जातील अशी सूचना बँकेला देता येते. भाडी त्याच खात्यात येऊ द्या, आणि त्यात सहा महिन्यांच्या हप्त्यांएवढी शिल्लक कधीही न हलवता ठेवा. तुमच्या थकव्याचा बराचसा भाग एवढ्याने उतरेल असे मला वाटते, आणि त्यासाठी एकही घर बांधावे लागत नाही.

एवढे करूनही एकत्रीकरण हवेच असेल, तर फक्त पहिली दोन घरे घ्या. ती दोन्ही तुमच्या एकट्याच्या नावावर आहेत, नव्या बांधणीची आहेत, आणि नजीकच्या काळात ती विकण्याचा तुमचा विचार नाही. या प्रकारच्या कर्जाला शोभणाऱ्या मालमत्ता अशाच असतात. त्यांची किंमत १०५, कर्ज ७५, निव्वळ भाडे ९ आणि वर्षाचा हप्ता साडेसात, म्हणजे १.२० पट. हे अगदी काठावर आहे, हे लपवत नाही. एक महिना घर रिकामे राहिले तरी अट मोडेल. म्हणून एकतर ती अट १.१० वर आणून घ्या, नाहीतर सुरुवातीलाच मुद्दलात ५ भरून कर्ज ७० वर आणा. मग हप्ता ७ होतो आणि प्रमाण जवळजवळ १.२९ वर जाते. वर सांगितलेली शिल्लक मोडून हे ५ भरू नका. दोन्ही एकाच वेळी जमत नसेल तर वर्षभर थांबा. व्याजदर पुन्हा बदलतील, तुमचे मुद्दल मात्र त्या वर्षात नक्की उतरलेले असेल.

तिसरे घर आहे तसेच, त्याच्या स्वतःच्या कर्जासह, वेगळे राहू द्या. चौथ्याचे तीन वर्षांचे हप्ते पूर्ण होऊ द्या. कर्ज फिटले की बोजा उतरल्याची नोंद स्वतः जाऊन पाहा आणि मूळ कागदपत्रे यादीशी ताडून ताब्यात घ्या. लहान आणि जुने म्हणून तुम्ही त्याच्याविषयी पत्रात दोनच ओळी लिहिल्या आहेत, पण तुमच्या चार घरांत लवकरच पूर्णपणे तुमचे होणारे तेवढे एकच आहे. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी कुणाचीही परवानगी न विचारता विकता येईल, किंवा त्यावर छोटे कर्ज काढता येईल, असे ते घर आहे. नव्या संस्थेला ते तारणात का हवे आहे याचे उत्तरही त्यातच आहे: २५ किमतीच्या घरावर फक्त ६ चा बोजा, म्हणजे तुमच्या बाकीच्या कर्जाला सर्वांत जास्त आधार देणारी मालमत्ता तीच. तो आधार तुमच्यासाठी राखून ठेवा.

पाचव्या घराविषयी तुम्ही एकाच ओळीत विचारले आहे, तर मीही थोडक्यातच सांगतो. वाढीव रकमेतून पाचवे घर घेणे म्हणजे त्यात स्वतःची बचत न घालता चार घरांतला आपला हिस्सा घालणे, आणि तेही पाचवे घर त्याच गहाणखताखाली जाणार. मुलीचा खर्च समोर दिसत असताना हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

संस्थेशी बोलताना मुक्तीच्या कलमाचा विषय पहिल्याच भेटीत काढा, दराचा नंतर. आमच्याकडे हे कलम छापील मसुद्यात बसत नाही, पण काळजी करू नका, प्रत्यक्षात आम्ही घर सोडतो, असे उत्तर मिळाले, तर तेच त्यांना पत्रावर लिहून द्यायला सांगा. आज तुमच्याशी बोलणारा अधिकारी प्रामाणिक असेलही, परंतु पाच वर्षांनी त्या खुर्चीत तो नसेल आणि नव्या माणसासमोर फक्त कागद असेल. लेखी द्यायला तयार झाले, तर दोन घरांपुरते बोलणे पुढे न्यावे. तयार नसतील, तर मंजुरीपत्राची मुदत संपू द्या. सहीआधी मसुद्याची प्रत भावालाही द्या, आणि अकरावे पान त्याच्यासमोर मोठ्याने वाचा.